आठ महिन्यांच्या बाळाला सर्दीसाठी निलगिरी चालते का? पानं किती टाकायची, घरी तेल निघतं का?

तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडला निलगिरीचं झाड आहे, बाळाचं नाक चोंदलंय, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पहिली आधी घेते. बाळाला नाही चालत. पानं नाही, तेल नाही आणि "रुमालावर फक्त एक थेंब" तर अजिबात नाही. एवढं ठासून का सांगतेय ते खाली आहे, वेळ नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

2014 चा जुलै. लेक सात महिन्यांची. चार दिवस नुसता पाऊस, कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत दोऱ्या बांधून दुपटी वाळत घातलेली, आणि हिचं नाक गच्च. दूध ओढता येईना म्हणून रडायची, रडली की नाक अजून चोंदायचं. नारायण पेठेतून माझ्या आईचा फोन, ओव्याची पुरचुंडी कर, ओवा तव्यावर जरा परत, मऊ सुती कापडात बांध, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघ आणि मग झबल्यावरून छातीला शेक. सासूबाई म्हणाल्या, "ओव्याने काय होतंय, आमच्याकडे निलगिरीच." आमच्याकडे म्हणजे फडताळातल्या त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीकडे. ट्रिपबरोबर ऊटीला गेले होते तेव्हा सासऱ्यांनी घासाघीस करून आणलेली, तिला घरात जवळजवळ देवाचा मान. डोकं दुखलं, निलगिरी. गुडघा धरला, निलगिरी. पाहुण्यांचं पोर शिंकलं तरी निलगिरी.

मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर घरभर तो वास आणि लेक सासूबाईंच्या मांडीवर. कुंचीच्या नाडीला दोन थेंब, आणि वर बोटाने नाकाखाली पण फिरवलेलं. बघता बघता तिला खोकल्याची उबळ आली, मग उबळ थांबली आणि श्वासही थांबल्यासारखा झाला, तोंड उघडं पण आवाज नाही, ओठ जांभळट. किती सेकंद म्हणाल तर मला अर्धा तास वाटला. मग एकदम टाहो फोडला तिने, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचं रडणं गोड लागलं.

नवऱ्याने स्कूटर काढली, मी मागे ओल्या केसांनी, तिला रेनकोटच्या आत धरून. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच विचारलं, "निलगिरी कोणी लावली?" वासावरूनच. कुंची काढून बाजूला टाकली, तोंड ओल्या कापडाने पुसलं आणि दोन तास आम्हाला तिथेच बसवून ठेवलं. एवढ्या लहान बाळाची श्वासनलिका स्ट्रॉएवढी असते, असं झणझणीत तेल नाकाशी गेलं की घसा आपोआप आवळला जाऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. नशिबाने पुढे काही झालं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंचा नणंदेला फोन: "निलगिरीने कफ सुटला म्हणून तर खोकली, हिला उगीच डॉक्टरकडे पळायची सवय." हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकतेय, लग्नात, मुंजीत, गणपतीत.

वर आणि "आपला परंपरागत उपाय" म्हणायचं. अहो, झाड ऑस्ट्रेलियाचं. टिपू सुलतानाच्या बागेत नंदी हिल्सला 1790 च्या सुमारास आलं म्हणतात, आणि निलगिरीच्या डोंगरांत इंग्रजांनी 1843 पासून लावायला घेतलं, सरपण पाहिजे होतं म्हणून. डोंगराचं नाव आधीचं, झाडाला ते नंतर चिकटलं. माझ्या आईचा ओवा त्याहून कितीतरी जुना आहे, सासूबाई, हे कधी वाचलंत तर.

असो, तुमचं झाड. एक पान चुरगाळून वास घ्या, लिंबासारखा आला तर ती लिंबू-निलगिरी, डासांसाठी ठीक, सर्दीसाठी तिच्यात काही नाही. ज्याच्या जोरावर नाक सणकतं ते सिनिओल ऊटीच्या थंड हवेतल्या जातीच्या तेलात भरपूर, 70 टक्क्यांच्या आसपास, इकडे खाली लावलेल्या बहुतेक जाती वेगळ्या. घरी कुकरला नळी लावून तेल काढायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा, शंभर किलो पानांतून किलो-दीड किलो निघतं, ते पण भट्टीवर, तुमच्या कुकरमधून वास आणि काळं पाणी निघेल.

मोठ्यांनी वाफ घ्यायची तर चार-पाच पानं धुऊन टाका, पातेलं गॅसवरून उतरवून टेबलावर ठेवा, मांडीवर नाही, डोळे मिटा. खरं सांगायचं तर नुसत्या पाण्याची वाफ घेतली तरी चालतंय. निलगिरीने मोकळं झालं असं वाटतं कारण नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसा ती चाळवते, सूज आहे तिथेच असते. हे आमच्या घरात बोलून दाखवा एकदा.

राहिलंच. दमा असेल तर मोठ्यांनीपण नको. आणि साखरेवर दोन थेंब वगैरे प्रकार कोणी सांगितला तर हात जोडा, हे तेल पोटात घ्यायचं नसतं, लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी फिट येऊ शकते, त्यामुळे बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नका. बाळासाठी मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, दूध पाजायच्या आधी घाला. दूधच घेत नसेल किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तर माझं उत्तर वाचत बसू नका, निघा.

सासूबाई वाईट नाहीत हां, त्या चारही रात्री माझ्याबरोबर जाग्या होत्या, हे पण लिहायला पाहिजे.

बाटली अजून आहे. नवीन स्टीलच्या डब्यावरचं स्टिकर काढायला मी ती वापरते, कापसाने लावून पाच मिनिटं ठेवायचं, अख्खं सुटून येतं, त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही. मागच्या महिन्यात तशीच बसले होते तर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत दिसलं, फक्त बाह्य वापरासाठी, लहान मुलांपासून दूर ठेवा. फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, वर एक शब्दही लिहिला नाही. दोन तासांनी सासूबाईंचा रिप्लाय आला, गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. दुपारी दीड वाजता.