जन्माने ख्रिस्ती आहे, पण नवा जन्म झाल्यासारखं कधी वाटलंच नाही. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, पुढे कन्फर्मेशन, म्हणजे मंडळीपुढे स्वतः विश्वासाची कबुली, झालं, दर रविवारी उपासनेला जाता, क्वायरमध्ये गाता. सगळं सुरळीत आहे, पण आत कोरडं पडलंय. ‘जर कोणी ख्रिस्ताच्या ठायी असेल तर तो नवी उत्पत्ती आहे’ हे वचन लहानपणापासून पाठ आहे, आणि नवं असं काही वाटत नाही. आता एक मित्र म्हणतोय, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घे, मग बघ.

मी पाळक नाही. सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो आणि आमच्या मंडळीत संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना शिकवतो. तेवढ्याच अधिकारात लिहितोय.

बाप्तिस्म्याचं आधी उरकतो. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची, आता सीएनआयमधली, म्हणजे वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामधली. 1970 साली नागपुरात सीएनआय स्थापन झाली तेव्हा तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे त्यात होते, आणि मोठेपणी स्वतः विश्वास कबूल केल्यावरच देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. दोन्ही पद्धती मान्य झाल्या. मात्र एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. इफिसकरांस पत्रातलं ‘एकच बाप्तिस्मा’ त्यामागे आहे. तुमच्या मित्राच्या मंडळीत लहानपणीचा बाप्तिस्मा बहुधा धरतच नसतील, म्हणजे त्याच्या लेखी हा ‘पुन्हा’ नव्हेच. तो काही तुम्हाला फसवत नाहीये. पण तुमची अडचण पाण्याची नाही. बुडून वर आलात आणि चार महिन्यांनी परत कोरडं वाटलं, तर मग कुठे जाणार?

पंडिता रमाबाईंचं बघा. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही चांगल्या कळत्या वयात, संस्कृत शास्त्रं कोळून प्यायल्यावर. त्यानंतर अमेरिकेचा दौरा, पुस्तक, 1889 साली मुंबईत शारदा सदन. बाहेरून बघणाऱ्याला ह्या बाईंकडे कशाचीच उणीव दिसली नसती. आणि त्याच रमाबाई पुढे स्वतःची साक्ष, म्हणजे विश्वासाचा अनुभव, लिहिताना सांगतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं गेली. काय बदललं? आधी आपण लायक व्हायचं, मग देव पदरात घेईल, हा त्यांचा हिशेब गळून पडला. आहे तशी त्याच्याकडे जाते, एवढंच उरलं. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं, तिथलं त्यांचं मुक्ती मिशन सगळ्यांना ठाऊक असतं. 1905 सालचं तिथलं संजीवन, म्हणजे सगळ्यांना हलवून सोडणारी विश्वासाची जागृती, तेही लोक रंगवून सांगतात, मुलींचं रडणं, मोठमोठ्याने प्रार्थना. त्याआधीची आठ कोरडी वर्षं मात्र कुणी सांगत नाही, म्हणून तुमच्यासारख्यांना वाटतं की हे आपल्यालाच झालंय.

आपल्याकडच्या साक्षींचाही ह्यात थोडा दोष आहे, असं माझं मत. संजीवन सभेत उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा ‘मी दारूत बुडालो होतो’ इथून सुरुवात करतो. ती साक्ष खरी असते, ऐकायलाही बरं वाटतं. पण ज्याने कधी दारूला हात लावला नाही, मारामारी केली नाही, तो मागच्या बाकावर बसून विचार करतो, माझं जुनं असं काय होतं की नवं व्हावं? योहानाच्या शुभवर्तमानात नव्या जन्माचं बोलणं कुणाशी झालंय ते जरा बघा. दारुड्याशी नाही, चोराशी नाही. निकदेमाशी. शास्त्र शिकवणारा, समाजात मान असलेला, सगळं नीट पाळणारा माणूस, आणि तो रात्री आला होता. प्रभूने त्याला करायच्या गोष्टींची यादी दिली नाही. वारा वाटेल तिकडे वाहतो, म्हणाला. म्हणजे हे आपल्या हुकमावर येणारं नाही.

मग आपण नुसतं बसून राहायचं का? तर नाही, आणि इथे मला शुभवर्तमानातला श्रीमंत जकातदार जक्कय आठवतो. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्याच्या पश्चात्तापाला रक्कम होती, आणि समोर माणसं होती. आपला पश्चात्ताप बहुतेक वेळा ‘प्रभू, मी पापी आहे, क्षमा कर’ एवढ्यावरच आटोपतो. त्यात कुणाचं नाव नाही, गाव नाही.

माझी मावशी विड्या वळायची. रात्री पानं भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कातरायची आणि मग सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरत, दोरा गुंडाळत दिवसभर बसायची. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधून झाला की एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. शेजारीपाजारी, भाचरं, अगदी विड्या तपासणारा चेकरसुद्धा. तो तिच्या विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्यामुळे त्याचं नाव रोज. (तंबाखूच्या धंद्यावरून तिला एकदा कुणीतरी टोकलं, तर म्हणाली, ‘मग मंडळीनं माझ्या पोरांची फी भरावी की.’ पुन्हा कुणी विषय काढला नाही.) पण एक नाव तिच्या तोंडी कधी यायचं नाही, सख्ख्या जावेचं. दोन्ही घरांत मिळून नळ एक. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी तर रात्री दोनला. आधी कुणाचा पाइप लावायचा ह्यावरून एकदा जे बोलणं बंद झालं ते झालंच.

एका रविवारी प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब नेहमीचं आमंत्रण वाचत होते, जे खरोखर पश्चात्ताप करतात आणि शेजाऱ्यांशी प्रीतीने राहतात त्यांनी जवळ यावं, अशा अर्थाचं. जन्मभर ऐकलेलं वाक्य. मावशी उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ दाराबाहेर. आम्हाला वाटलं, चक्करबिक्कर आली की काय. ती चपला घालून घरी निघून गेली होती. वेदीपाशी अर्पण ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, हे मत्तयातलं तिला बरोबर माहीत होतं. पुढच्या पाण्याला तिने पाइप आधी जावेच्या हौदात सोडला. जाऊबाईंनी काही गळ्यात पडून मिठी मारली नाही. ‘आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा!’ असं खिडकीतून ऐकवलं फक्त. बोलणं सुरू व्हायला पुढे बराच काळ गेला. पण मावशीला विचारलं की म्हणायची, ‘आता देवापुढं बसाय अवघडल्यागत होत न्हाई.’ साक्ष सभेत तिने हे कधीच सांगितलं नाही.

म्हणून मी तुम्हाला एवढंच सुचवेन: ‘मला नवं वाटतंय का?’ हे रोज चाचपून बघणं काही दिवस सोडा. त्याऐवजी तुमच्या प्रार्थनेत जे नाव कधी येत नाही ते शोधा. एक्कावन्नावं स्तोत्र सकाळी मोठ्याने वाचा, ‘माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ हे मागणाऱ्या दाविदाला देव नवखा नव्हता, तो घरचाच माणूस होता. आणि हे एकदा होऊन संपतं असंही समजू नका. पौल करिंथकरांना लिहितो की अंतरातला माणूस दिवसेंदिवस नवा होतो. आपले ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, नावारूपाला आले, उपासनेत आजही त्यांची गीतं गातो. आणि 1917 साली, पन्नाशी कधीच उलटलेली असताना, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्ताच्या अनुयायांची खुली संगत घेऊन नव्याने उभे राहिले.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र आधी डॉक्टरला दाखवा. तो कोरडेपणा वेगळा असू शकतो, आणि औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

मंडळी बदलू नका, निदान एवढ्यात तरी. क्वायरमधून मात्र थोडे दिवस सुट्टी घ्या. सुरात लागतंय का, पान कुठलं, पुढचं कडवं कुणी उचलायचं, ह्या गडबडीत गाणाऱ्यालाच गीत ऐकू येत नाही. खाली बाकावर कुणा म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि इतरांना गाऊ द्या. क्वायरमास्तर कुरकुरतील, त्यातून तुम्ही टेनर असलात तर जास्तच, कुरकुरू द्या.