तिसरं कार्ड नको, आधी एफडी मोडा

नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या 34 वर्षांच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं: हातात पगार 58,000. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून 2,25,000 बाकी, एकावर 1,45,000 आणि दुसऱ्यावर 80,000. गेले 22 महिने ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान भरायची रक्कम) ऑटो-डेबिटने वेळेवर जातो, एकही हप्ता चुकलेला नाही. आता तिसऱ्या बँकेने सगळी बाकी आपल्या कार्डावर घेऊन तीन महिने शून्य व्याज देऊ केलं आहे. ते घ्यावं, की आहे त्या कार्डांवरच ईएमआय करून घ्यावा? शेवटी ‘बचत मात्र बंद केलेली नाही’ असं सांगून त्यांनी यादी जोडली आहे: 1,20,000 ची एफडी, अडीच वर्षांपासून शेअर बाजारात गुंतवणाऱ्या फ्लेक्सी कॅप म्युच्युअल फंडात दरमहा 5,000 ची एसआयपी (आजचं मूल्य 1,68,000) आणि बँकेतून घेतलेली 20 वर्षांची एन्डॉवमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी. तिचा वार्षिक प्रीमियम 60,000, दहा वर्षं भरायचा. दोन भरले, दोन्ही कार्डावर. तिसरा दोन महिन्यांनी. पत्नीकडे ॲड-ऑन (त्यांच्याच खात्याला जोडलेलं) कार्ड आहे, त्यावर महिन्याला सहा हजारांचा किराणा आणि पेट्रोल होतं. थकबाकीबद्दल तिला काही माहीत नाही.

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: दोन्ही नको. कारण तुमच्याकडे हे कर्ज फेडायचे पैसे आहेत.

आधी या कर्जाची किंमत बघू. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के. सव्वादोन लाखांवर महिन्याला साधारण 9,300 रुपये. तुमचा मिनिमम ड्यू बाकीच्या 5 टक्के, म्हणजे 11,250. त्यातले जेमतेम 1,950 मुद्दलात जातात. आजपासून कार्ड एकदाही वापरलं नाही आणि फक्त मिनिमम भरत राहिलात, तर कर्ज निम्म्यावर यायला साडेसहा वर्षं लागतील. तेवढ्या काळात साडेसहा लाख भरून झालेले असतील आणि 1,12,000 तरीही बाकी असतील. ‘एकही हप्ता चुकलेला नाही’ याचा उपयोग एवढाच की लेट फी लागली नाही.

शिवाय कार्ड वापरणं थांबलेलं नाही. मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की 45–50 दिवसांची बिनव्याजी मुदत संपते. नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतं. पत्नी किराणा आणि पेट्रोल बिनव्याजी समजून घेत आहेत आणि त्यावर वर्षाला जवळपास 50 टक्के दराने व्याज लागतंय. म्हणून त्यांना हे आजच सांगा. त्यांना माहीत नसेल तर खालचं काहीही टिकणार नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. एफडीवर 7 टक्के धरले तर 1,20,000 वर वर्षाला 8,400 मिळतात. तेवढ्याच रकमेच्या कार्डाच्या बाकीवर वर्षाला 59,000 जातात. फंडात अडीच वर्षांत दीड लाख भरून 18,000 वाढले. 22 महिन्यांत कार्डाची सरासरी बाकी दीड लाख धरली तरी व्याज आणि कर मिळून 1,36,000 गेले. फंडातून पुढे 12 टक्के सुटतील ही आशा आहे. कार्डाचे 50 टक्के मात्र नक्की आहेत. एका हाताने 50 टक्क्यांनी उधार घेऊन दुसऱ्या हाताने 7 आणि 12 टक्क्यांत टाकणं ही बचत नाही. ती यादी कागदावर छान दिसते, म्हणूनच तुम्ही 22 महिने गप्प बसलात.

करायचं असं. एफडी मोडा. दंड अर्धा ते एक टक्का, तो सोसा. तुमची बँक थोडीच एफडी मोडू देत नसेल तर पूर्ण मोडून 40,000 ची नवी करा. उरलेल्या 80,000 मधून त्याच दिवशी दुसरं कार्ड फेडा. फंडातली सगळी युनिट्स विकायला टाका. पैसे दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात. वर्षाच्या आतल्या युनिट्सवर एक टक्का एक्झिट लोड (लवकर विकल्याचं शुल्क) असेल तर सहाशे-सातशे रुपये जातील, करही किरकोळ. त्यातून पहिल्या कार्डाचे 1,45,000 भरा. एसआयपी सध्या थांबवा. हातात फंडाचे साधारण 23,000 आणि एफडीचे 40,000 राहतील.

इथे बरेच जण फसतात. आजची पूर्ण बाकी भरली तरी स्टेटमेंटच्या तारखेपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतं. तुमच्या बाबतीत दोन्ही कार्डांवर मिळून पाच-सहा हजार येऊ शकतात. ‘मी तर सगळं फेडलं’ म्हणून ते सोडून दिलं की त्यावर लेट फी, आणि मग क्रेडिट रिपोर्टवर डाग. सलग दोन स्टेटमेंटवर शून्य दिसेपर्यंत दोन्ही कार्डं वापरू नका. आणि ऑटो-डेबिटची सूचना बदला: ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ काढून ‘टोटल अमाउंट ड्यू’ करा. फॉर्मवरच्या या एका खुणेने अनेकांना वर्षानुवर्षं अडकवलं आहे.

बॅलन्स ट्रान्सफरबद्दल, म्हणजे तिसऱ्या बँकेच्या प्रस्तावाबद्दल, एवढंच की तिथे प्रक्रिया शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो आणि तीन महिन्यांनी उरलेल्या बाकीला पुन्हा पूर्ण दर. तीन महिन्यांत सव्वादोन लाख फेडण्याइतका पगार तुम्हाला नाही. ईएमआय करून घेतला तर दर 13 ते 18 टक्क्यांवर येतो, पण त्या व्याजावरही 18 टक्के जीएसटी असतो. ज्यांच्याकडे एफडी-फंड काहीच नाही त्यांनी आधी कंपनीतल्या पगारदारांच्या पतसंस्थेत विचारावं, मग सोनेतारण, मग पर्सनल लोन. न्यायालयाकडून दिलासा मिळेल ही आशाही नको: 30 टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. वसुलीवाल्यांनी सुचवलेली ‘सेटलमेंट’ही (कमी रक्कम घेऊन खातं मिटवणं) घेऊ नका. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ शेरा पडला की पुढे गृहकर्ज अडतं.

आता पॉलिसी, म्हणजे या कर्जाचं मूळ. दोन प्रीमियमचे 1,20,000 कार्डावर गेले. आजच्या बाकीतली निम्म्याहून जास्त रक्कम तीच आहे. ‘कार्डावर भरा, पॉइंट मिळतील’ असं बँकेतल्या माणसाने सांगितलं, असं तुम्ही लिहिता. एक टक्का पॉइंट धरले तरी 600 रुपये, तेही एकदाच. व्याज दर महिन्याला त्याच्या चौपट. ‘टॅक्स वाचतो’ हेही सांगितलं असेल. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही आणि तिथे विम्याच्या प्रीमियमवर मिळणारी 80सी ची वजावटही नाही. तुमच्या पगारावर वाचवायला करच नाही. आणि विमा किती? सहा लाख. पत्नी आणि लहान मूल मागे राहिलं तर त्यांचं जेमतेम वर्षभर भागेल. पगारदाराला असं उत्पादन गळ्यात मारणाऱ्याने तुमच्या घराचा विचार केला नाही, एवढं मी स्पष्ट सांगेन.

तिसरा प्रीमियम भरू नका. पण क्रम पाळा. आधी 75 लाख ते 1 कोटीची टर्म पॉलिसी (बचत नसलेला निव्वळ विमा) घ्या; तंबाखू खात किंवा ओढत नसाल तर वर्षाला साधारण 12 ते 15 हजार. ती हातात आली की मग जुनीला हात लावा. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडल्यास) आज किती, आणि पेड-अप ठेवल्यास (पुढचे प्रीमियम न भरता तशीच ठेवल्यास) मुदतीअखेर किती. जुन्या नियमांतली पॉलिसी असेल तर दोन प्रीमियमनंतर हमीची सरेंडर रक्कम 30 टक्के, म्हणजे 36,000 च्या आसपास. 1 ऑक्टोबर 2024 नंतरच्या नियमांतली असेल तर जास्त मिळायला हवी. पेड-अप ठेवली तर दहापैकी दोन प्रीमियमच्या प्रमाणात, सहा लाखांचे 1,20,000, अठरा वर्षांनी. आजचे 36,000 अठरा वर्षांत 1,20,000 होणं म्हणजे वर्षाला जवळपास 7 टक्के. त्यामुळे कार्डं मोकळी झाल्यावर घाईने सरेंडर करायची गरज नाही. पेड-अप ठेवली तरी चालेल. सरेंडरचा आकडा 50,000 च्या वर आला तर मात्र काढून घ्या. भरलेले पैसे बुडतील म्हणून उरलेले 4,80,000 भरत राहणं, हा यातला सगळ्यात महाग मार्ग.

एवढं झालं की मिनिममचे 11,250 आणि एसआयपीचे 5,000, असे 16,250 मोकळे होतात. किराणा-पेट्रोल आता पगारातून होणार, ते सहा हजार वजा करून 10,250. नव्या एफडीचे 40,000 धरून आठ महिन्यांत आधीच्या एफडीइतकी रक्कम पुन्हा उभी राहते; टर्मचा पहिला प्रीमियम फंडाच्या उरलेल्या पैशांत बसतो. मग एसआयपी सुरू करा, हवी तर आधीपेक्षा मोठी.

कार्डांपैकी जुनं ठेवा, त्याने क्रेडिट इतिहास लांब राहतो. दुसरं लेखी विनंती करून बंद करा. बाकी शून्य असेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर रोज 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. पगार एक तारखेला होत असेल तर बिलाची शेवटची तारीख पाच-सहा तारखेला येईल अशी सायकल मागून घ्या. ॲपमध्ये मर्यादा 15,000 वर आणून ठेवा. एटीएममधून कार्डावर रोख कधीही काढू नका; तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क.

आणि या आठवड्यात एक तपासा: प्रीमियमची ऑटो-पे मंजुरी कार्डावर दिलेली आहे का. विम्याच्या प्रीमियमला एक लाखापर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे दोन महिन्यांनी 60,000 आपोआप कापले जातील. विमा कंपनीच्या आणि बँकेच्या, दोन्हींच्या ॲपमध्ये ती मंजुरी रद्द करा आणि रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा.