प्रार्थनेत डुलकी लागते, देव रागावलाय का?

"मावशी, दोन वर्षं सासूबाईंचं सगळं अंथरुणातच केलं. शेवटच्या आठवड्यात एका रात्री त्यांनी चौथ्यांदा हाक मारली तेव्हा मी जोरात ओरडले. माफी मागायची राहून गेली आणि त्या गेल्या. आठ महिने झाले. संडेस्कूल घेते, क्वायरमध्ये गाते, शुक्रवारचा उपास धरते, तरी आतून रिकामंच. रात्रभर डोळा लागत नाही आणि सकाळी प्रार्थनेला गुडघे टेकले की डुलकी येते. मुलांना कृपा शिकवते पण मला ती लागू होत नाही असं वाटतं. कधी कधी वाटतं सकाळी जागच येऊ नये. देव रागावलाय का माझ्यावर? – थकलेली"

अगं बाळा,

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा सकाळी जागच येऊ नये या वाक्यापाशी थांबले, म्हणून आधी त्याचंच बोलू. हे आजच कोणाला तरी सांग, नवऱ्याला सांग, जवळच्या मैत्रिणीला सांग, आणि याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. आठ महिने झोप नाही म्हणजे शरीर आणि मन दोन्ही आजारी पडू शकतात, त्याच्यावर औषधं आहेत, उपचार आहेत, आणि ते घेतले म्हणून विश्वास कमी पडला असं अजिबात होत नाही. तो विचार जास्त जोर करायला लागला तर एकटी राहू नकोस, कोणालाही उठव, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उठव.

आणि असं वाटणारी तू पहिली नाहीस गं. एलीया एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला बघून आलेला, आणि लगेच पुढच्या अध्यायात, बायबलातल्या 1 राजे 19 मध्ये, एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. आता देवाने काय केलं ते नीट बघ. ना रागावला, ना उपास धरायला सांगितला. एलीया तिथेच झोपला, त्याला झोपू दिलं, मग दूताने हलवून उठवलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला आणि परत झोपला, तरी कोणी काही बोललं नाही. दूत दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच म्हणाला, उठून खा, कारण वाट लांबची आहे. तू इथे काय करतोस हा प्रश्न देवाने विचारला तो कितीतरी नंतर, एलीया चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

तुझा क्रम उलटा झालाय बघ. तुला वाटतं आधी मी नीट होईन, मनापासून प्रार्थना करीन, मग देव विसावा देईल. पण मत्तय 11:28 मध्ये प्रभू येशूने कोणाला बोलावलंय? "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो." थकलेल्यांनाच बोलावलंय, आणि पुढे म्हणतो मी विसावा देईन. देईन म्हणतो, म्हणजे तो कमवायचा नाहीये. संडेस्कूलमध्ये तू मुलांकडून इफिस 2:8-9 पाठ करून घेतच असशील, कृपेनेच तारण झालंय, ते देवाचं दान आहे, कर्मांनी नाही. मग शुक्रवारचा उपास तू आता कशासाठी धरतेस ते एकदा स्वतःला विचार, प्रभूवरच्या प्रेमापोटी की त्या रात्रीची भरपाई म्हणून?

त्या रात्रीचं पण बोलू. चूक झाली, ती झाली नाही असं मी म्हणणार नाही, तुलाही ते पटणार नाही. पण प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचं बघ. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. अध्याय 18 मध्ये त्या विस्तवापाशी शेकत असताना पेत्र मी त्याचा शिष्य नाही म्हणून प्रभूला नाकारतो, आणि अध्याय 21 मध्ये समुद्रकिनारी प्रभूने स्वतः विस्तव पेटवून ठेवलाय, वर मासळी, बाजूला भाकर, आणि म्हणतो या, न्याहारी करा. पेत्राला त्या वासाने काय काय आठवलं असेल! जेवणं झाल्यावर प्रभू त्याला तीनदा विचारतो ते एवढंच, माझ्यावर प्रीती करतोस का. का नाकारलंस हे एकदाही विचारलं नाही. सासूबाईंची माफी आता समोर बसून मागता येणार नाही हे दुःख खरंच आहे, पण ती प्रभूजवळ माग, मोठ्याने, त्यांचं नाव घेऊन, आणि मग त्याने क्षमा केली यावर विश्वास ठेव, रोज नव्याने खटला उभा करू नकोस.

माझंच सांगते. आमचे हे गेल्यावर मला तीन महिने पवित्र शास्त्र उघडवलं नाही, खूण एकाच पानावर. मंडळीतल्या एक बाई यायच्या, प्रार्थना कर गं वगैरे काही म्हणायच्या नाहीत, एक स्तोत्र वाचायच्या, हळू, आणि गप्प बसायच्या. एकदा 23वं वाचत होत्या, 'तो माझा जीव ताजातवाना करतो' इथपर्यंत ऐकलेलं आठवतं, पुढे मी झोपलेच. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती, बाई गेल्या होत्या, आणि किती दिवसांनी मला भूक लागली होती. मी तर त्याला प्रार्थनाच म्हणते.

तेव्हा डुलकी येते ना, येऊ दे. प्रभूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेत तो प्रार्थना करत असताना शिष्य झोपले तेव्हा प्रभूच म्हणाला ना, आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. गुडघे टेकायचे राहू देत, अंथरुणात पडल्या पडल्या "प्रभू, मी थकलेय" एवढंच म्हण. उपास बंद कर, डॉक्टर बघतील तोपर्यंत तरी वेळेवर पोटभर जेव. पाळकसाहेबांना सरळ सांग की तीन महिने संडेस्कूल आणि क्वायर जमणार नाही, कारण विचारलं तर थकलेय म्हण, तेवढं कारण पुरे आहे. कोणी नाक मुरडेल, मुरडू दे.

या रविवारी मुलांचं रजिस्टर दुसऱ्या कोणाकडे दे आणि मागच्या बाकावर जाऊन बस. गाणं म्हणवलं नाही तर नुसतं ऐक. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस असेल तर हात पुढे कर आणि घे. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, वाट बघतेय.

तुझी,
मावशी