औलीत जंगलवाट आणि स्कीइंग: नाशिकहून जाताना

फेब्रुवारीत चार दिवस उत्तराखंडातल्या औलीला जायचंय, जंगलातून चालायचंय आणि स्कीइंगही करायचंय. अंजनेरी, हरिहर हे आपले नाशिकजवळचे गड नेहमीच होतात, तेव्हा जमेल ना, असं तुम्ही विचारलंत. चालणं नक्की जमेल. पण स्की पायात घालून झाडांत शिरायचा बेत यंदा सोडाच.

गडावर आपला दम निघतो चढावर. स्कीवर भार येतो उतारावर, तोही मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, कारण गुडघे सतत वाकलेले ठेवावे लागतात. म्हणून ब्रह्मगिरीच्या पायऱ्या उतरताना आता धावू नका, एकेका पायरीवर वजन तोलत उतरा. घरी भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर तग धरा. रोज पांडवलेणी चढत-उतरत असाल तर तेही चांगलं.

तिथे पोचल्यावर भाड्याचे बूट घेताना अजिबात घाई करू नका. लोकरीचा पातळ मोजा एकच घाला. दोन घातले की पाय आवळला जातो, रक्त नीट पोचत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. बूट आवळल्यावर नडगी पुढच्या बाजूला टेकली पाहिजे, गुडघा पुढे वाकवला तरी टाच आत उचलली जाता कामा नये. दहा मिनिटं घालून उभे राहा, कुठे टोचलं तर तिथल्या तिथे बदलून मागा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, तुमचं खरं वजन सांगूनच लावून घ्या. पडताना ते सुटलं नाही तर गुडघा पिरगळतो.

मग आधी थांबायला शिका. स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवलेली आणि दोन्ही स्की आतल्या कडेवर, याला स्नोप्लाऊ म्हणतात. जितकं फाकवाल तितका वेग कमी. घाबरलेला माणूस मागे रेलतो, मग टोकं हलकी होतात आणि स्की वळतच नाहीत. भीती वाटली की नडगी बुटावर दाबायची, हे मनात पक्कं करा. पडायचंच झालं तर कुशीवर पडा. हे अंगवळणी पडायला चार दिवस अपुरेच आहेत. रजा वाढवता आली तर सात दिवसांचा कोर्स करा, मी तर आग्रहच धरेन.

जंगलात न्यायला स्की नको म्हणतोय त्याला कारण आहे. सूचिपर्णी झाडांच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती भुसभुशीत, पोकळ खड्डा तयार होतो. वरून तो दिसत नाही. त्यात डोकं खाली होऊन पडलेल्या माणसाला स्की अडकल्यामुळे स्वतःहून निघता येत नाही, बर्फात गुदमरायची वेळ येते. चालतानाही बुंध्यापासून लांबच राहा.

पायी मात्र गोरसोन बुग्यालला जरूर जा; बुग्याल म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कुरण. औलीहून वाट बांज (ओक) आणि देवदारांतून चढते, झाडी संपली की समोर मोकळं कुरण आणि ७,८१६ मीटरची नंदादेवी. गाइड बरोबर घ्या. ताज्या बर्फात पायवाट पुसली जाते. बर्फ आत जाऊ नये म्हणून बुटांवर गेटर, म्हणजे पोटरीपर्यंतचं आवरण, आणि कडक बर्फासाठी मायक्रोस्पाइक, म्हणजे तळव्याला बांधायचे छोटे खिळे, हवेत. गॉगल काढू नका, ढग असले तरी. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा, कारण बर्फावरून ऊन खालून येतं. सुती बनियन घरीच ठेवा, घामाने भिजलं की वाळत नाही.

नाशिक सुमारे ६०० मीटरवर, औली अडीच ते तीन हजारांच्या दरम्यान. तेव्हा उंचीची सवय व्हायला आदल्या रात्री औलीच्या खाली असलेल्या जोशीमठला मुक्काम करा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर आणखी वर जायचं नाही. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, त्यामुळे रस्त्यानेच जायचं धरून गाडी ठरवा. निघण्याआधी बर्फ किती आहे ते हॉटेलवाल्याला फोन करून विचारा. कमी असेल तर तारीख पुढे ढकला, पैसे अडकले म्हणून जाऊ नका.

आणि बुग्यालवरून दुपारी दोनच्या आत परत फिरा. तिकडे सूर्य आपल्यापेक्षा लवकर मावळतो आणि डोंगराआड तर त्याहीआधी जातो.