मुलं घराबाहेर पडली, आम्हा दोघांचंही काम ऑनलाइन. परदेशात राहायला देश कसा निवडावा?

आधी घड्याळ बघा, देश नंतर. टीम न्यूयॉर्कची असेल तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे लिस्बनला दुपारचे दोन; सकाळ मोकळी मिळते, काम रात्री दहाला संपतं. तेच बँकॉकला रात्री आठ-नऊला सुरू होतं. पन्नाशीनंतर ही जागरणं सोसत नाहीत, पगार कितीही चांगला असो.

मग व्हिसा. पर्यटक म्हणून शेंगेन देशांत (युरोपातले एकाच सामाईक व्हिसाचे देश) 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये रिमोट काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे, पण उत्पन्नाची अट किमान वेतनाच्या पटीत असते: पोर्तुगालला चौपट, स्पेनला दुप्पट, आणि जोडीदारासाठी वर आणखी. थायलंडने 2024 मध्ये आणलेला डीटीव्ही, म्हणजे रिमोट काम करणाऱ्यांनाही मिळणारा तिथला व्हिसा, 5 वर्षांचा आहे, एका खेपेला 180 दिवस.

बरेच जण कर विसरतात. साधारण सहा महिन्यांहून जास्त राहिलात की बहुतेक देश तुम्हाला करासाठी आपले रहिवासी धरतात. कंपनीची परवानगीही लेखी घ्या, दोघांच्याही कंपन्यांची.

बीपी, शुगर असेल तर आरोग्य विम्यात जुने आजार धरलेत का, हे पॉलिसीत स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

शाळेची चिंता आता नाही, त्यामुळे घाईही नको. आधी महिनाभर भाड्याने राहा, तेही तिथल्या सगळ्यात वाईट हवामानात. दोघांना दोन टेबलं आणि बंद होणारी दोन दारं हवीत, एकाच वेळी दोघांचे कॉल असतात. आणि मुलांना सुट्टीत एका विमानात येता येईल असं शहर असेल तर माझं मत त्यालाच.