'गेट'चा नेमका अर्थ कोणता?

प्रश्न : 'गेट' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ पाठ करून थकलो. मिळणे, होणे, पोहोचणे, समजणे, करून घेणे... ऐन वेळी कोणता घ्यायचा?

उत्तर : पाठांतर सोडा, 'गेट'च्या पुढे काय आलंय ते बघा. भूक लागते, वेळ लागतो, ठेच लागते, दार लागतं. यातल्या 'लागणे'चा अर्थ आपणही शेजारच्या शब्दावरूनच लावतो.

पुढे नाम असेल तर बहुधा मिळणे किंवा आणणे : 'आय गॉट अ लेटर'. विशेषण असेल तर होणे. 'ही इज टायर्ड' म्हणजे तो दमलेला आहे. 'ही गेट्स टायर्ड' म्हणजे तो दमतो. ठिकाण आलं की पोहोचणे : 'वी गॉट टू द स्टेशन'. मात्र 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्याआधी 'टू' लावू नका.

खरी गंमत 'टू'नंतर क्रियापद आलं की सुरू होते. 'आय गॉट टू सी हर' म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. 'आय हॅव गॉट टू सी हर' म्हणजे भेटायलाच हवं. बोलण्याच्या ओघात हे 'हॅव' गिळलं जातं आणि दोन्ही वाक्यं सारखीच ऐकू येतात. तिथे मागचापुढचा संदर्भच कामी येतो.

सर्वाधिक चुका 'करून घेणे'त होतात. घड्याळ दुरुस्त करून घेतलं, तर 'आय गॉट माय वॉच रिपेअर्ड'. वस्तू मध्येच हवी. 'आय गॉट रिपेअर्ड माय वॉच' हे चूक. माणसाकडून काम करून घेतलं तर 'टू' लागतो : 'आय गॉट हिम टू साइन'. 'आय मेड हिम साइन'मध्ये तो नाही, आणि अर्थही कडक होतो : सही करायला भाग पाडलं. 'गेट'मध्ये समजूत काढणं, मागे लागणं येतं.

प्रश्न : 'गॉटन' हे रूप अशुद्ध आहे का?

उत्तर : नाही. हे जुनंच रूप. ब्रिटनमध्ये मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. ('फर्गॉटन' मात्र दोन्हीकडे चालतं.) अमेरिकन बोलीत त्याचा उपयोगही होतो : 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी घेतली किंवा मला मिळाली. ब्रिटिश वळणाचं लिहीत असाल तर 'गॉट'च ठेवा.