मँटलचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा खडक घन असून वाहतो कसा, आणि त्यात दाण्यांच्या, म्हणजे खडकातल्या एकेका स्फटिकाच्या, आकाराने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि भरपूर पडतो. माझ्या मते प्लेट्सच्या (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराच्या सरकत्या तुकड्यांच्या) कडा एवढ्या मऊ का, याचं निम्मं उत्तर दाण्यांतच आहे.

वरच्या मँटलचा खडक म्हणजे पेरिडोटाइट, निम्म्याहून जास्त ऑलिव्हीन हे खनिज, दाणे साधारण काही मिलीमीटरचे. तापमान पुरेसं असलं की तो न वितळताच वाहतो, मुख्यतः दोन प्रकारे; या संथ वाहण्यालाच क्रीप म्हणतात. डिस्लोकेशन क्रीपमध्ये स्फटिकाच्या आतले दोष सरकतात, इथे दाणा केवढा याने फारसं बिघडत नाही, पण ताण दुप्पट केला की वेग जवळजवळ 11 पट होतो. डिफ्यूजन क्रीपमध्ये अणू दाण्याच्या एका बाजूवरून दुसरीकडे जातात, त्यामुळे दाणा बारीक तेवढं अंतर कमी आणि वाट काढायला दाण्यांच्या कडाही जास्त. अणू कडेकडेने जात असतील तर दाणा 10 पट बारीक झाल्यावर त्याच ताणाखाली वेग 1000 पट!

आता खरी गंमत. दाण्याचा आकार कायमचा ठरलेला नसतो, डिस्लोकेशन क्रीप चालू असताना मोठे दाणे मोडून नवे बारीक दाणे तयार होतात, बारीक झाले की तो पट्टा मऊ पडतो, मऊ पडला की सगळी हालचाल तिथेच गोळा होते. एमएस्सीला असताना ओमानच्या ओफिओलाइटच्या (जमिनीवर आलेल्या समुद्रतळाच्या आणि त्याखालच्या मँटलच्या तुकड्याच्या) तळाजवळच्या पेरिडोटाइटची थिन सेक्शन, म्हणजे अगदी पातळ काप, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली होती, मोठ्या ऑलिव्हीनवरून स्टेज फिरवताना सावली सरकत जाते म्हणजे दाणा आतून वाकलेला, आणि त्याच्याभोवती पिठासारखे बारीक दाणे, अशा खडकालाच मायलोनाइट म्हणतात. तो दिवस मी विसरलेलो नाही.

पण नुसतं ऑलिव्हीन असेल तर हे टिकत नाही, कारण डिफ्यूजन क्रीप सुरू झाला की दाणे मोडायचे थांबतात आणि गरम खडकात ते परत वाढायला लागतात. इथे पेरिडोटाइटमधलं दुसरं खनिज, पायरॉक्सिन, कामाला येतं, त्याचे बारीक कण ऑलिव्हीनमध्ये मिसळले की ते दाण्यांच्या कडांना अडवून धरतात, दाणे वाढू देत नाहीत. डेव्हिड बर्कोव्हिची आणि यानिक रिकार्ड या भूभौतिकशास्त्रज्ञांनी प्लेट्सच्या सीमा कशा तयार होतात आणि टिकतात ते याच कल्पनेवर मांडलंय, आणि मला ते पटतं. त्या ओमानच्या सेक्शनमध्येही सगळ्यात बारीक पट्टे तेच होते जिथे दोन्ही खनिजं एकमेकांत पुरती मिसळली होती, निव्वळ ऑलिव्हीनचे पट्टे शेजारीच, पण दाणे चांगले मोठे.